ईएसजी गुण: कंपनी चांगली, पण कोणासाठी?

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या पगारातून दर महिन्याला पीएफ कापला जातो. त्यातला थोडा भाग शेअर बाजारात जातो, हे अनेकांना माहीत नसतं. पीएफ सांभाळणारी ईपीएफओ ही संस्था 2015 पासून नव्या जमेतला काही हिस्सा निफ्टी आणि सेन्सेक्सवर बेतलेल्या ईटीएफमध्ये, म्हणजे त्या निर्देशांकांतल्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडांमध्ये, गुंतवते. म्हणजे ज्यानं आयुष्यात डीमॅट खातं उघडलेलं नाही, तोसुद्धा देशातल्या बड्या लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांचा दूरचा भागीदार असतो. विश्रामबागेतल्या निवृत्त शिक्षिकेची एसआयपी, तासगावच्या द्राक्षबागायतदाराची विमा पॉलिसी, कराडच्या डॉक्टरांचे शेअर हे तर उघडच आहे. म्हणून या कंपन्या नफा कमावतात तो कसा, हे विचारण्याचा हक्क सांगली-साताऱ्यालाही आहे. त्यासाठी लागणारी माहिती आता फुकट मिळते, फक्त ती वाचायची सवय आपल्याला नाही.

ताळेबंदात विक्री, खर्च, कर्ज, नफा दिसतो. कारखान्यानं नदीतून किती पाणी उचललं, प्रेसमध्ये हात सापडलेला कामगार कायम होता की कंत्राटी, मालकानं कंपनीचा पैसा आपल्याच दुसऱ्या फर्ममध्ये वळवला का, हे ताळेबंदात एक तर नसतं किंवा शेवटच्या पानांवरच्या बारीक टिपांमध्ये असतं. पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन अंगांनी कंपनी तपासण्याच्या पद्धतीला ईएसजी म्हणतात.

याची सीएसआरशी गल्लत फार होते. झेडपीच्या शाळेला संगणक दिले, गावात आरओ प्लांट बसवला, हा सीएसआर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. नफा हातात आल्यावर त्यातलं किती समाजाला दिलं, एवढंच त्यातून कळतं. तो नफा होत असताना नदीचं, कामगाराचं आणि छोट्या भागधारकाचं काय झालं, हे कळण्यासाठी ईएसजी. 2 टक्क्यांच्या कार्यक्रमांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, त्यामुळे उरलेल्या सगळ्या पैशाबद्दल विचारायचं राहूनच जातं.

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखाना, कामगारांची घरं, शाळा आणि मालक सगळे एकाच ठिकाणी होते. कारखान्यात काय चाललंय ते पंचक्रोशीला दिसायचं. आज भागधारक चेन्नईत असतो, फंड मॅनेजर मुंबईत आणि कारखाना पलूस नाहीतर शिरवळला. इतक्या लांबून डोळ्यांनी काही दिसत नाही, म्हणून आकडे मागवावे लागतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनं 2012 मध्ये सर्वांत मोठ्या 100 कंपन्यांपासून ही सुरुवात केली. मे 2021 मध्ये त्याचा नवा, बराच कडक नमुना आला. त्याचं नाव बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल. 2022-23 या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानं पहिल्या 1000 कंपन्यांना तो भरून वार्षिक अहवालासोबत प्रसिद्ध करणं सक्तीचं आहे. केंद्र सरकारनं 2019 मध्ये जाहीर केलेली जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं हा त्याचा पाया आहे.

हा अहवाल बीएसईच्या किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली सापडतो. लांबलचक असतो आणि सुरुवातीची बरीच पानं धोरणांची यादी असते. धोरण आहे का? हो. संचालक मंडळानं मंजूर केलंय का? हो. अशा 'हो'च्या रांगा सरळ ओलांडून जाव्यात. खरा ऐवज तिसऱ्या भागात, प्रत्येक तत्त्वाखालच्या आकड्यांमध्ये आहे.

पाण्याचा आकडा

पर्यावरणाच्या भागात मी पहिल्यांदा पाण्याचा तक्ता उघडते. त्यात नदी-तलावातून किती, भूजलातून किती, टँकर किंवा पालिकेकडून किती पाणी घेतलं ते किलोलिटरमध्ये द्यावं लागतं. त्याखाली एक दर असतो: एक रुपयाच्या उलाढालीमागे किती पाणी लागलं. कंपन्यांच्या जाहिरातींत नेमका हाच दर मिरवला जातो, कारण तो चांगला दिसतो. तो कसा चांगला दिसतो ते पाहू.

समजा एका कंपनीनं गेल्या वर्षी 10 लाख किलोलिटर पाणी वापरलं आणि 500 कोटींची विक्री केली. कोटीमागे 2000 किलोलिटर. यंदा तिच्या मालाचे भाव चढले, विक्री 600 कोटींवर गेली आणि पाणी 10 लाख 50 हजार किलोलिटर लागलं. कोटीमागे 1750. अहवालात छापून येईल की पाण्याचा वापर साडेबारा टक्क्यांनी कमी झाला. नदीतून मात्र 50 हजार किलोलिटर पाणी जास्त गेलं. दर खोटा नाही, पण कृष्णेला कंपनीच्या उलाढालीशी देणंघेणं नाही. म्हणून दर आणि एकूण आकडा दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, आणि एकूण वाढला असेल तर उत्पादन किती टनांनी वाढलं ते शोधायचं. सेबीच्या नमुन्यात उत्पादनाच्या प्रमाणात दर देण्याचीही जागा आहे. जी कंपनी ती जागा भरते तिच्याबद्दल माझं मत थोडं वर जातं.

याहून मोठी अडचण सांगलीच्या माणसाला लगेच समजेल. कंपनी देशभरातल्या सगळ्या कारखान्यांचं पाणी एकत्र मोजून एकच आकडा देते. पण वाळव्यात नदीकाठी उचललेलं एक किलोलिटर आणि जतला बोअरमधून ओढलेलं एक किलोलिटर यांची किंमत एक नाही. साताऱ्यातही तेच: महाबळेश्वराच्या डोंगरात पावसाळ्यात धबाधबा पाणी पडतं, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावला पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसावा लागला. देशाची बेरीज करताना हा फरक बुडून जातो. पाणीटंचाईच्या भागातल्या कारखान्यांचा वापर वेगळा दाखवण्याचा रकाना नमुन्यात आहे, पण तो ऐच्छिक गटात टाकलेला आहे. माझ्या मते तो सक्तीचा असायला हवा होता. महाराष्ट्रासारख्या राज्यात पाण्याचा आकडा ठिकाणाशिवाय अर्धाच राहतो.

सांडपाण्याचंही तसंच. कृष्णेत मेलेले मासे तरंगताना सांगलीकरांनी एकदा नाही, अनेकदा पाहिलेत. बीआरएसआरमध्ये सोडलेलं पाणी कुठे सोडलं आणि प्रक्रिया करून सोडलं का, हे विचारलेलं आहे. जल कायदा 1974, वायू कायदा 1981 आणि पर्यावरण संरक्षण कायदा 1986 यांचं पालन होतंय का, नसेल तर कुठला भंग झाला आणि काय दंड झाला, हेही सांगावं लागतं. तिथं 'लागू नाही' किंवा 'पूर्ण पालन' असं लिहिलेलं असेल आणि त्याच कंपनीच्या एखाद्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आल्याची बातमी तुम्ही वाचलेली असेल, तर ती विसंगती तुमच्या हाती आली. मुंबईत बसलेल्या विश्लेषकाला स्थानिक बातमी दिसत नाही. तुम्हाला दिसते.

कार्बनचा हिशेब तीन टप्प्यांत होतो. कारखान्याच्या स्वतःच्या बॉयलर-भट्टीतून निघालेला धूर पहिला टप्पा, विकत घेतलेल्या विजेमागचा धूर दुसरा, आणि पुरवठादार, वाहतूक, ग्राहक यांच्याकडचा सगळा मिळून तिसरा. आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. कंपनीनं त्याऐवजी पवनचक्कीची वीज घेतली की दुसरा टप्पा खाली येतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर फिरणारी पाती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अशी वीज लांबच्या एखाद्या कारखान्याच्या अहवालात हिरवा आकडा बनून येते, आणि ते चांगलंच आहे. पण सड्यावरच्या रस्त्यांचं, चराईचं आणि तिथल्या वनस्पतींचं काय होतं हे त्या आकड्यात येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

माणसांचे रकाने

सामाजिक भाग बहुतेक लोक भरभर उलटतात. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात कायम कामगार आणि कायम नसलेले कामगार वेगळे मोजावे लागतात. आधी हे प्रमाण पाहा. कायम 800 आणि कंत्राटी 2400 असतील, तर पुढच्या प्रत्येक तक्त्याला एकच प्रश्न विचारायचा: यात ते 2400 धरलेत का? आरोग्यविमा, अपघातविमा, प्रशिक्षण या तक्त्यांत कायम कामगारांपुढे 100 टक्के आणि खालच्या ओळीत बराच छोटा आकडा असं चित्र अनेकदा दिसतं.

अपघातांसाठी एक दर असतो: दहा लाख कामाच्या तासांमागे किती अपघातांत कामगाराला सुट्टी घ्यावी लागली. कारखान्यात 500 माणसं वर्षाला प्रत्येकी 2400 तास काम करत असतील तर एकूण 12 लाख तास झाले. तीन अपघात झाले तर दर 2.5. इथं शून्य पाहून लगेच खूश होऊ नये. हजारो माणसं, फाउंड्री, फोर्जिंग, प्रेसशॉप, आणि वर्षभरात एकही अपघात नाही? असं होऊ शकतं, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ अपघाताची नोंदच होत नाही असा असतो. बोट चेपलं तर ठेकेदार परस्पर दवाखान्यात नेतो आणि रजिस्टरमध्ये काही येत नाही. कुपवाड-मिरज पट्ट्यात काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. छोटे अपघात प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या कंपनीचा दर वाईट दिसतो आणि लपवणारीचा चांगला. त्यामुळे शेजारचा मृत्यूंचा आकडा पाहावा, कारण मृत्यू लपवणं त्यामानानं अवघड असतं. सुट्टी लागणारे अपघात शून्य आणि मृत्यू दोन, अशी जोडी दिसली तर त्या कंपनीच्या इतर आकड्यांवरही मी विश्वास ठेवत नाही.

मग पगार. पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचा मध्यम पगार (पगारांच्या क्रमात बरोबर मधे येणारा) वेगवेगळा छापावा लागतो, संचालकांचाही. एकूण पगारखर्चातला किती टक्के वाटा स्त्रियांना गेला हेही आहे. हा आकडा मला फार बोलका वाटतो. रिसेप्शनवर आणि पॅकिंगला बायका नेमून डोकी वाढवता येतात, पण पगाराचा वाटा त्यानं फारसा वाढत नाही.

आणखी एक रकाना आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे: पगाराचा किती भाग ग्रामीण, निमशहरी, शहरी आणि महानगरी ठिकाणी दिला. ही विभागणी रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणानं होते. 10 हजारांखालची वस्ती ग्रामीण, 1 लाखापर्यंत निमशहरी, 10 लाखांपर्यंत शहरी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका शहरी गटात येते, पलूस-विट्यासारखी गावं निमशहरी गटात. पोरांना पुण्याला जावं लागतं म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येकानं हा तक्ता पाहावा. कुठली कंपनी छोट्या गावात खरोखर पगार वाटते ते इथं कळतं.

उधारी किती दिवसांची

जुलै 2023 मध्ये सेबीनं बीआरएसआरमधले नऊ मुद्दे निवडून 'बीआरएसआर कोअर' हा छोटा संच केला. त्यातले आकडे कंपनीनं नुसते लिहून चालत नाही, बाहेरच्या तपासनीसाकडून ते तपासून घ्यावे लागतात. 2023-24 मध्ये पहिल्या 150 कंपन्या, मग 250, मग 500, आणि 2026-27 मध्ये पूर्ण 1000, असा टप्प्याटप्प्यानं तो लागू होतो. या संचात एक आकडा असा आहे की तो पाहून सांगलीतले छोटे उद्योजक खुर्चीत सरसावून बसतील: कंपनी पुरवठादारांची बिलं सरासरी किती दिवसांनी चुकती करते.

हिशेब साधा आहे. देणी गुणिले 365, भागिले वर्षभराची खरेदी. खरेदी 1200 कोटी आणि देणी 300 कोटी असतील तर साधारण 91 दिवस. एमएसएमई कायदा 2006 प्रमाणे छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवायचं असतं. 2023-24 पासून आयकराच्या कलम 43बी(एच) मुळे मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजाही मिळत नाही. सरासरी 91 दिवस निघाले म्हणजे कायदा मोडलाच असं सिद्ध होत नाही, कारण त्यात मोठे पुरवठादारही असतात. पण प्रश्न विचारायला जागा नक्की होते.

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हे आकडे नवे नाहीत. ऊस नियंत्रण आदेश 1966 मध्ये ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज असं लिहिलेलं आहे. ती एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, वेळेत मिळावी म्हणून या दोन जिल्ह्यांत किती आंदोलनं झाली हे सांगायला नको. पैसे देण्याचा दिवस हा व्यवहाराच्या चारित्र्याचा भाग आहे, हे इथल्या शेतकऱ्यानं कुठल्याही विश्लेषकाच्या आधी ओळखलं होतं.

इथं एक मर्यादा सांगितली पाहिजे. आपल्या भागातले बहुतेक साखर कारखाने सहकारी किंवा खासगी आहेत, लिस्टेड नाहीत. त्यांना बीआरएसआर लागू नाही. त्यांचं पाणी, त्यांची मळी, त्यांच्या फडात राबणाऱ्या ऊसतोड टोळ्या यांचा कुठलाही आकडा या व्यवस्थेत थेट येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल 2019 मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्याच ऊसाची साखर बिस्किटं, शीतपेयं, औषधं बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांकडे जाते. त्या कंपन्यांचे स्वतःचे कारखाने चकाचक असतील, कँटीन उत्तम असेल, पण फडातली बाई त्यांच्या कोणत्याच तक्त्यात नाही.

ही पोकळी भरण्यासाठी सेबीनं पुरवठासाखळीचा हिशेब मागायचं ठरवलं. पहिल्या 250 कंपन्यांनी, ज्यांच्याशी मिळून त्यांची 75 टक्के खरेदी किंवा विक्री होते अशा बड्या भागीदारांची माहिती द्यायची, असा विचार होता. कंपन्यांनी कुरकुर केली, मुदत पुढे गेली, आणि मार्च 2025 मध्ये ते ऐच्छिक झालं. मला हे माघार घेणं वाटतं. सगळ्यात कमी आवाज असलेली माणसं साखळीच्या टोकाला असतात, आणि नेमका तोच भाग ऐच्छिक ठेवला. छोट्या उद्योजकांवर कागदपत्रांचा बोजा पडेल ही भीती खोटी नाही. साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपला मोठ्या गिऱ्हाइकाकडून आजच वीज, पाणी, पीएफ, ईएसआय यांच्या प्रश्नावल्या येतात, आणि मालक स्वतःच ऑर्डरही पाहतो, मशीनही आणि फॉर्मही. पण बोजा कमी करायचा तर फॉर्म छोटा करावा. प्रश्नच काढून टाकला की फायदा वर्कशॉपपेक्षा वरच्या कंपनीला जास्त होतो.

कारभाराकडे थोडक्यात

कारभाराच्या भागावर मी लांबण लावणार नाही, कारण त्यातली मुख्य गोष्ट एका उदाहरणात सांगता येते. सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीला 2008 मध्ये उत्तम कारभारासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीनं प्रवर्तक (कंपनीची सूत्रं हाती असलेल्या) कुटुंबाच्याच मेटास कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं, गुंतवणूकदार भडकले आणि काही तासांत तो बेत रद्द झाला. 7 जानेवारी 2009 ला कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबुली दिली की खात्यांत दाखवलेली सुमारे 5040 कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. संचालक मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक होते, ऑडिटर मोठ्या नावाचा होता, रकाने सगळे भरलेले होते.

म्हणून माणसांच्या पदव्यांपेक्षा पैसा कुठे फिरतो ते पाहावं. प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी खरेदी-विक्री किती होते? त्यांना दिलेली कर्जं किती? प्रवर्तकांनी आपले शेअर तारण ठेवलेत का? ऑडिटर मुदतीआधी राजीनामा देऊन गेला का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर राजीनाम्याचं पत्र बाजाराला कळवलेलं असतं, ते शोधून जरूर वाचावं.

मग गुण देणारे काय करतात?

आत्तापर्यंत आपण कच्चा माल पाहिला. रेटिंग संस्था यातूनच एक श्रेणी किंवा गुण काढतात. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या ईएसजी शाखा सेबीकडे नोंदलेल्या आहेत. जुलै 2023 पासून अशा संस्थांना नोंदणी सक्तीची आहे. परदेशी संस्थांत एमएससीआय 'एएए' ते 'सीसीसी' अशी श्रेणी देते. सस्टेनॅलिटिक्स जोखमीचे गुण देते, तिथं कमी गुण चांगले. कंपनीच्या जाहिरातीत नुसता आकडा दिसला तर आधी तो कुठल्या पट्टीवरचा आहे ते पाहायला हवं.

आणि या संस्था एकमेकींशी सहमत नसतात. एमआयटीशी संबंधित संशोधकांनी 2022 मध्ये सहा मोठ्या संस्थांचे गुण ताडून पाहिले. पूर्ण एकमताला 1 धरलं तर त्यांचा मेळ सरासरी 0.54 निघाला. कर्जफेडीची पत ठरवणाऱ्या रेटिंगमध्ये हाच मेळ 0.9 च्या वर असतो. सांगलीच्या यार्डात हळदीच्या एकाच ढिगासमोर मसाल्याचा खरेदीदार रंग आणि चकाकी बघतो, निर्यातदार हळकुंडाची लांबी बघतो आणि औषध कंपनीचा माणूस नमुना नेऊन करक्युमिन तपासतो. तिघांचे भाव वेगळे येतात आणि तिघेही प्रामाणिक असू शकतात. रेटिंगमधला गोंधळ याहून थोडा जास्त आहे. त्याच अभ्यासानुसार निम्म्याहून अधिक फरक, एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं मोजल्यामुळे पडतो. कामगारांशी वागणूक मोजायची तर एक संस्था किती कामगार काम सोडून गेले ते बघते, दुसरी कंपनीवरचे कामगार खटले मोजते. कुठल्या मुद्द्याला किती वजन द्यायचं यावरचे मतभेद त्यामानानं किरकोळ निघाले.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच, आणि ते नीट समजावून सांगितलं जात नाही. यांतल्या बऱ्याच प्रसिद्ध रेटिंगचा प्रश्न 'ही कंपनी नदीचं किती नुकसान करते' असा नसतोच. तो असतो, 'नदीच्या प्रश्नामुळे या कंपनीच्या नफ्याचं किती नुकसान होऊ शकतं, आणि ते टाळायची तयारी तिनं किती केली आहे.' गुंतवणूकदाराचा पैसा सुरक्षित आहे का, एवढंच त्यात पाहिलेलं असतं. तेही त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांशी तुलना करून. त्यामुळे सिगारेट विकणाऱ्या आयटीसीला एमएससीआयची 'एए' ही वरची श्रेणी मिळू शकते: पाणी साठवण, वनीकरण, कचरा, कारभार यांत ती आपल्या गटात पुढे आहे. मे 2022 मध्ये विजेवरच्या मोटारी बनवणारी टेस्ला अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या एस अँड पी 500 च्या ईएसजी निर्देशांकातून बाहेर पडली आणि तेल कंपनी एक्झॉन आत राहिली. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात मोटार उद्योगात अव्वल ठरली, आणि त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांतली धूरचाचणीची फसवणूक अमेरिकेत उघड झाली. पुढच्या महिन्यात तिला निर्देशांकातून काढलं.

ऑगस्ट 2019 च्या महापुराच्या अंगानं विचार केला तर हे जास्त लख्ख दिसतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी तिच्या कितीतरी वर गेलं होतं. नदीकाठी गोदाम असलेल्या कंपनीनं त्यानंतर माल उंचावर हलवला, विमा वाढवला, दुसऱ्या गावात पर्यायी गोदाम घेतलं, तर जोखीम मोजणाऱ्या रेटिंगमध्ये तिचे गुण वाढतील. ते योग्यच आहे, भागधारकाचा पैसा वाचला. पण त्याच कंपनीनं ओढ्यात भराव घालून आवार वाढवलं असेल आणि पाणी शेजारच्या वस्तीत शिरत असेल, तर ते या गुणांत दिसेलच असं नाही. दिसलं तर फक्त खटला किंवा दंड होण्याची शक्यता म्हणून.

यावरून कुणी ईएसजी हे सगळं थोतांड आहे असं म्हणालं तर मला ते पटत नाही. दहा वर्षांपूर्वी कंत्राटी कामगारांची संख्या, स्त्रियांच्या पगाराचा वाटा, बिलं चुकवायचे दिवस हे 1000 कंपन्यांकडून एकाच नमुन्यात मिळायची सोय नव्हती. आज आहे. गुण बाजूला ठेवले तरी हे आकडे उरतात, आणि ते कंपनीनं स्वतः सही करून दिलेले असतात.

म्युच्युअल फंडातून पैसे गुंतवले असतील तर आणखी दोन गोष्टी पाहता येतात. 'ईएसजी' असं नाव लावणाऱ्या योजनेला 1 ऑक्टोबर 2024 पासून किमान 65 टक्के पैसा, बीआरएसआर कोअरची बाहेरून तपासणी झालेल्या कंपन्यांत ठेवावा लागतो. आणि फंड हाउसनं कुठल्या कंपनीच्या कुठल्या ठरावावर काय मत दिलं, हे त्याला संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. एप्रिल 2022 पासून त्यांना सगळ्याच ठरावांवर मत देणं बंधनकारक आहे. प्रवर्तकाचा पगार वाढवायच्या ठरावाला तुमच्या फंडानं पाठिंबा दिला की विरोध केला, हे पाच मिनिटांत सापडतं.

स्वतःच्या नावावर एखादा शेअर असेल तर अधिकार आणखी थेट आहे. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, आणि अहवाल किमान 21 दिवस आधी ईमेलवर येतो. आता अनेक सभा व्हिडिओवर होतात, त्यामुळे मुंबईचं तिकीट काढायचीही गरज नसते. नोटिशीत वक्ता म्हणून नाव नोंदवायची तारीख आणि ईमेल पत्ता दिलेला असतो, प्रश्न आधी लेखीही पाठवता येतो. प्रश्न मोघम ठेवू नये. 'पर्यावरणासाठी काय करता' असं विचारलं की झाडं लावल्याचं उत्तर मिळतं. अहवालातलं पान आणि आकडा सांगून विचारावं: अपघातांच्या दरात कंत्राटी कामगारांचे तास धरले आहेत का? दुष्काळी तालुक्यातल्या कारखान्याचा पाणीवापर वेगळा का दिला नाही? पुरवठादारांची सरासरी देणी 91 दिवसांची आहेत, त्यात छोट्या उद्योगांचे दिवस किती?